तावडेंचं दार

हिंदमाताला साड्यांच्या दुकानांची रांग संपता संपता एका जिन्याखाली साडेचार फूट रुंदीची जागा आहे. तिथं एक पांढरा पडदा, एक स्टूल, एक आरसा, एक जुना कॉम्प्युटर आणि दोरीला बांधलेला कंगवा एवढ्या भांडवलावर गुणाजी धुरी पासपोर्ट साइझचे फोटो काढतात. वय त्र्याहत्तर. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की आधी त्याची मान दोन बोटांनी सरळ करायची, मग कॉलर, मग केस, आणि मग दोन पावलं मागं सरून त्याच्याकडे असं बघायचं, की त्या बिचाऱ्याला आपण बोहल्यावर उभे आहोत असं वाटावं. फोटो व्हिसासाठी आहे की श्राद्धासाठी, याच्याशी गुणाजींना कर्तव्य नाही. माणूस फोटोत बरा दिसला पाहिजे, हा त्यांचा धर्म आणि याच धर्मापायी त्यांचं लालबागचं घर जायची वेळ आली.

गेल्या डिसेंबरात त्यांना बिल्डरच्या कचेरीतून पत्र आलं. बुधाजी बिल्डिंग, लालबाग, पुनर्विकास. श्री. गुणाजी सखाराम धुरी व सौ. सुभद्रा गुणाजी धुरी : अपात्र. कारण : निवासाचा पुरावा नाही. हरकत असल्यास पंधरा फेब्रुवारीपर्यंत कळवावी.

बुधाजी बिल्डिंग ही नावाला बिल्डिंग, बाकी सगळी चाळच. बत्तीस कुटुंबं, बहुतेक मालवण, कुडाळ, देवगडकडची, गिरणीच्या भोंग्यावर उठणारी आणि भोंगा बंद पडल्यावरही त्याच वेळेला उठत राहिलेली. नऊ वर्षांपूर्वी चाळ पाडली आणि ही बत्तीस कुटुंबं नालासोपारा, दिवा, बदलापूर अशी मिळेल तिथं पांगली. तिच्या जागेवर पंचेचाळीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला. त्याचं नाव ‘होमलँड’. ज्यांना तिथून उठवलं त्यांच्यासाठी टॉवरच्या पाठीमागं, नाल्याच्या अंगाला, एक वेगळी इमारत. तिला नाव नाही, ‘बी विंग’ म्हणतात.

या बी विंगमध्ये जागा मिळायची, तर शहाण्णव सालाआधीपासून चाळीत राहत होतो असं सिद्ध करायचं होतं. जुन्या मालकाच्या मुनीमाचं कपाट वाळवीनं खाल्लेलं, त्यामुळं भाडेपावत्यांचा पिठासारखा भुगा झालेला. शेवटी बिल्डरनं मोठ्या मनानं जाहीर केलं, की स्वतःच्या दारापुढं काढलेला, साल लिहिलेला फोटो असेल, तर तोही पुरावा धरू. झालं. एकतीस कुटुंबं हिंदमाताच्या जिन्याखाली धावली. गुणाजींनी पडद्यामागचे बिस्किटांचे पत्र्याचे डबे उघडले, निगेटिव्ह काढल्या, प्रिंटा दिल्या. एकतीसच्या एकतीस पात्र ठरले. बत्तिसावे स्वतः गुणाजी. त्यांच्या डब्यांत सगळी चाळ होती, ते तेवढे नव्हते.

पस्तीस वर्षं गुणाजी आणि सुभद्राबाई चाळीच्या तळमजल्यावरच्या ‘छबी फोटो स्टुडिओ’च्या पोटमाळ्यावर राहिले. खाली स्टुडिओ, वर संसार, मध्ये लाकडी शिडी. स्टुडिओ पानवाल्याकडून तोंडी बोलीवर घेतलेला. रेशनकार्ड भावाच्या परळच्या पत्त्यावर. कायद्याच्या नजरेनं बघितलं, तर गुणाजींनी पस्तीस वर्षं दुकान उघडलं, ते बंद करून कुठं जायचे हे कुणालाच ठाऊक नाही.

त्या स्टुडिओत दोन पडदे होते. एकावर समुद्र, त्याच्या काठानं दिव्यांची माळ आणि एक निळी मोटार. दुसऱ्यावर माड, खाडी आणि उतरत्या छपराचं घर. गिरणीत रात्रपाळी करून डोळे तांबारलेला माणूस पहिल्या पडद्यापुढं उभा राहून मोटारीच्या दारावर हात ठेवायचा आणि तो फोटो गावाला आईला धाडायचा. त्याचीच मुंबईत जन्मलेली पोरं शाळेच्या सुट्टीत दुसऱ्या पडद्यापुढं उभी राहायची आणि शेजाऱ्यांना सांगायची, हे आमचं गाव. ज्याला जिथं असावंसं वाटे, तिथं गुणाजी त्याला उभा करत. घर सोडून आलेल्या माणसाला फोटो कशाला लागतो हे गुणाजींना कुणी शिकवलेलं नव्हतं, पण पस्तीस वर्षांत एकदाही चुकीचा पडदा सोडला नाही.

आणि मग ते दार. दरवर्षी सव्वीस जानेवारीला चाळीचा सत्यनारायण असायचा. त्या दिवशी गुणाजी लाकडी पेटीचा मोठा कॅमेरा तिपायीसकट दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चढवायचे आणि प्रत्येक कुटुंबाचा एक फोटो फुकट काढायचे. हा त्यांचा चाळीला मानपान. फोटो गावाला जायचे, सोयरिकीला जायचे. आता सोयरिकीला जाणाऱ्या फोटोत मागं काय दिसावं? चाळीतल्या तीस खोल्यांची दारं म्हणजे फळकुटं. धुरानं काळी, कडीच्या जागी सुतळी. चौदा नंबरच्या खोलीचं दार मात्र दार होतं.

ते कोंडीराम तावडेंचं. तावडे गिरणीत जॉबर, म्हणजे हाताखाली चाळीस माणसं आणि मिशीला तूप. त्यांच्या दाराला हिरवा ऑइलपेंट, वर तोरण, बाजूला घंटीचं बटण आणि मधोमध वीतभर उंचीची रुंद पितळी पाटी : कों. बा. तावडे. तावडीणबाई ती पाटी चिंचेनं घासून अशी लखलखीत ठेवायच्या, की येणारा-जाणारा तिच्यात भांग पाडून घ्यायचा. पहिल्या वर्षी सत्तावीस नंबरच्या गावड्यांनी लाजत लाजत विचारलं, फोटोपुरतं तुमच्या दाराशी उभं राहू का? तावडेंनी मोठ्या खुशीनं परवानगी दिली. दुसऱ्या वर्षी अख्खी चाळ रांगेत उभी.

तावडेंची अट एकच. पाटी झाकायची नाही. इकडे गिऱ्हाइकांची अडचण अशी, की आपल्या फोटोत तावड्यांचं नाव कसं चालेल? गुणाजींनी मधला मार्ग काढला. फोटो पाटीसकट काढायचा आणि मग घरी निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीनं बारीक बारीक रेघा मारून नाव बुजवायचं. प्रिंटमध्ये नुसतं चकचकीत पितळ दिसायचं. मग निगेटिव्हच्या खालच्या मोकळ्या पट्टीवर काळ्या शाईनं मोत्यासारख्या उलट्या अक्षरात लिहायचं, म्हणजे छापल्यावर ती पांढरी आणि सुलटी यायची : गावडे कुटुंब, खोली क्र. २७, बुधाजी बिल्डिंग, लालबाग, मुंबई १२, सत्यनारायण पूजा १९९१. एकदा कुडाळच्या बाजारात दोन व्याह्यांनी आपापल्या मुलांचे फोटो शेजारी शेजारी धरून बघितले. दोघांचं एकमत झालं, की मुंबईचा मालक देवमाणूस आहे, सगळ्या भाडेकरूंना सारखी दारं करून दिली.

नाव बुजवताना आणखी एक गोष्ट बुजवावी लागायची. त्या लखलखीत पाटीत समोरचा फोटोग्राफर दिसायचा, आणि त्याच्या शेजारी दोन्ही हातांनी पांढरी चादर ताणून उभी असलेली त्याची बायको. गॅलरीत उजेड कमी, म्हणून सुभद्राबाई दरवर्षी चादर धरायच्या, म्हणजे तिच्यावरचा उजेड माणसांच्या तोंडावर पडायचा. फोटोत फोटोग्राफर दिसणं म्हणजे गुणाजींच्या लेखी अंगात उलटा सदरा घालणं. ते पेन्सिलीनं आधी स्वतःला बुजवायचे, मग बायकोला. चादर पांढरीच असल्यानं राहायची. ती पितळेची चमक म्हणून खपून जायची. एकट्या तावडेंच्या फोटोत नाव राखायचं असे, म्हणून तिथं पेन्सिल नाही; त्या फोटोला दोघं पाटीत येणार नाहीत इतकी बाजूला सरायची.

आणि बटण दाबायच्या आधी, सगळे श्वास धरून ताठ उभे असताना, ते एकच वाक्य टाकायचे : “फाल्यां गावाक जावचा हा, हसा!” उद्या गावाला जायचंय, हसा. अठरा तास उभं राहून पाय सुजलेला माणूसही त्या वाक्याला फसायचा. दरवर्षी तेच वाक्य, दरवर्षी सगळे हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी कुणीच गावाला जायचं नाही.

पत्र आल्यावर सुभद्राबाई बोलायच्या बंद झाल्या नाहीत, उलट फार बोलायला लागल्या. “सगळ्या चाळीचे फोटो काढलास. माझो एकव नाय. चव्वेचाळीस वर्षां झाली लग्नाक.” नालासोपाऱ्याच्या भाड्याच्या खोलीत त्यांना कुणी ओळखत नव्हतं. लालबागला भाजीवालीसुद्धा त्यांना सुभद्रावैनी म्हणायची, आणि नालासोपाऱ्याला त्या ‘तीनशे दोनवाली’ झाल्या होत्या. त्यांना बी विंग नको होती, टॉवर नको होता. आपल्या गल्लीत नावानं हाक मारणारं कुणी असावं, एवढंच पाहिजे होतं. गुणाजींनाही तेच पाहिजे होतं, फक्त ते बोलत नव्हते.

अशात जानेवारीच्या सुरुवातीला जुई त्रिलोकेकर जिन्याखाली वाकून आत आली. वय पस्तिशीचं, अंगावर हातमागाची साडी, पायात बूट. ती प्रदर्शनं भरवायची. ‘होमलँड’च्या तळमजल्यावर, जिथं फ्लॅट विकतात त्या गारेगार दालनात, बिल्डरच्या खर्चानं ती एक प्रदर्शन भरवणार होती. नाव ‘परागंदा’. विषय : हरवलेली मायभूमी आणि छायाचित्रं. ज्यानं घरं पाडली त्याच्याच पैशानं घरं गेल्याचं दुःख मांडायचं, यात तिला काही खटकत नव्हतं. एसी चांगला होता.

तिनं डबे बघितले आणि तिचे डोळे भरून आले. मग तिनं फोटो नीट बघितले आणि कपाळाला आठी पडली.

“काका, हे सगळे हसतायत.”

“हो मग. मीच हसा म्हटलं होतं.”

“पण हे लोक गाव सोडून आलेत ना? मग एक्झाइलचा पेन कुठाय? दुःख दिसायला हवं थोडं.”

“मॅडम, दुःख घरी होतंच की. ते फोटोत कशाला काढायचं?”

जुईनं हे वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं, भिंतीवर लावायला. मग तिनं तावडेंना बोलावून घेतलं आणि टॉवरच्या फाटकासमोर उदास उभं राहायला सांगितलं. ब्याऐंशी वर्षांचे तावडे कोट घालून आले. कॅमेरा दिसला की छाती पुढं काढायची सवय. अर्धा तास खटपट करूनही त्यांना उदास होता येईना. शेवटी जुईनंच नाद सोडला आणि म्हणाली, जुने हसरेच घेऊ, आपण त्यांना वेगळ्या अँगलनं वाचू.

गुणाजी निगेटिव्ह पोचवायला शिवाजी पार्कला तिच्या घरी गेले. दिवाणखान्यात एका मोठ्या दुमजली घराचा जुना फोटो होता. गिरगावातलं तिच्या आजोबांचं, मनमोहन त्रिलोकेकरांचं घर. आजोबांनीच ते विकलं होतं आणि त्या पैशांत पार्कासमोर दोन फ्लॅट घेतले होते.

“आम्हीसुद्धा विस्थापितच, काका,” जुई म्हणाली. “बाबा अजून गिरगावचं नाव काढलं की गप्प होतात.”

गुणाजींनी खिडकीतून मैदानावर चाललेलं क्रिकेट बघितलं. गिरगावातून उठून माणसं इतक्या लांब येऊन पडली, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. चहा चांगला होता. त्यांनी आपलं पत्र पुढं केलं. जुईनं ते वाचलं आणि तिला खरोखर राग आला, हे सांगायला पाहिजे. पात्रता बघणारा राहुल तिच्या शाळेतला. “मी त्याला ओपनिंगला बोलावते. तुम्ही फक्त या.”

प्रदर्शन सव्वीस जानेवारीलाच उघडलं. चाळकऱ्यांना आमंत्रण होतं, पण समोरच्या फाटकावरच्या वॉचमननं त्यांना मागच्या फाटकाकडे पिटाळलं. तिथल्या वॉचमननं वहीत लिहायला विचारलं, कुणाकडे जायचंय? तावडे म्हणाले, “आमच्या फोटोकडे.” त्यानं तसंच लिहून घेतलं.

आत गेल्यावर गुणाजी दारातच थबकले. आजवर हे फोटो एकेका फायलीत, एकेका पाकिटात, एकेका गावात गेले होते. इथं एकतीसच्या एकतीस, तीन-तीन फुटांचे करून, एका ओळीत भिंतीवर लावले होते. वर दिवे. एकतीस कुटुंबं, एकतीस खोली नंबर आणि एकच दार. तेच तोरण, तेच घंटीचं बटण, खालच्या कोपऱ्यातला तोच उडालेला टवका.

राहुलसाहेब कोकम सरबताचा ग्लास घेऊन ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. मग परत आले. मग एकोणीस नंबरापुढं थांबून वीस नंबराकडे बघितलं. याच माणसानं या फोटोंवर सही करून एकतीस घरं मंजूर केली होती. चाळकरी एकमेकांमागं सरकले. तावडे खोकले.

“जुई,” साहेब म्हणाले, “हे दार...”

“आलं ना लक्षात!” जुईनं त्यांचा हात धरला. “काकांची जीनियस तिथंच आहे. ज्याचं घर सुटलंय त्याला प्रत्येक दार एकाच दारासारखं दिसतं. पर्सनल घर असं उरतच नाही. कळतंय ना?”

आजूबाजूचे सहा-सात जण, सगळे सुती कपड्यातले, एकदम माना हलवायला लागले. एका बाईंनी डोळे मिटले. साहेबांनी त्या सगळ्यांकडे बघितलं, स्वतःच्या टायकडे बघितलं. ‘हे एकच दार आहे, हे लबाडी करतायत,’ असं म्हणणारा माणूस या दालनात अडाणी ठरणार होता.

“यस,” ते म्हणाले. “पॉवरफुल आहे.”

एकतीस घरं वाचली. गुणाजींना कळलं काहीच नाही, पण सुटल्यासारखं वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या हातमागाच्या साडीबद्दल आदर वाटला.

समोरच्या भिंतीवर एकच फोटो आठ फुटांचा केला होता. गावड्यांचा, एक्याण्णव सालचा. गावडीणबाईंच्या कडेवरचं पोर रडत होतं, सगळ्या डब्यांत तेवढं एकच रडणारं सापडलं म्हणून जुईनं तो निवडला होता. इतका मोठा केल्यावर पाटीवरच्या पेन्सिलीच्या रेघा उघड्या पडल्या होत्या. पितळेवर जाळीदार, करड्या रेघांचे दोन डाग, उभे, माणसाएवढ्या ऐटीत.

“आणि इथं बघा,” जुई म्हणाली. “इथं त्यांनी मुद्दाम पोकळी ठेवलीय. दोन आकृत्या. ज्यांना घरच नाही त्यांच्या.”

“पोकळी कसली गो बाय?” सुभद्राबाई मोठ्यानं म्हणाल्या. “ते हे आसत, आनी ही मी. चादर धरलेली. पेन्सिलीन पुसल्यानी आमकां!”

सगळे हसले. राहुलसाहेब हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. ते गुणाजींना बाजूला घेऊन म्हणाले, “काका, त्या पेन्सिलीखाली तुम्ही असाल तर काढा बाहेर. साल लिहिलेलंच आहे. फक्त कॉम्प्युटरवर केलेलं चालणार नाही, मूळ निगेटिव्ह लागेल, लॅबला पाठवावी लागते. पंधरा तारखेच्या आत आणा. मी करतो.”

पेन्सिल पुसता येते हे गुणाजींना माहीत होतंच, पण आजवर ती पुसायचं कारण पडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुईकडून गावड्यांची निगेटिव्ह परत आणली आणि रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइनची बाटली. दुपारी, गिऱ्हाईक नसताना, जिन्याखाली उजेडाची पेटी लावली, निगेटिव्ह तिच्यावर ठेवली आणि कापसाचा बोळा भिजवून पाटीच्या जागेवरून हळूच फिरवला. स्वतःचं इतकं चोख काम बिघडवायला जिवावर येत होतं. दुसऱ्या बोळ्याला रेघा सुटल्या. तिसऱ्याला जागा स्वच्छ झाली. त्यांनी ती डिजिटल कॅमेऱ्यानं टिपली, कॉम्प्युटरवर उलटी केली आणि एक मोठी प्रिंट काढली.

पितळेत दोघं होते. चाळिशीचा गुणाजी, केस काळे, एक हात कॅमेऱ्यावर. शेजारी चादर ताणलेली, आणि चादरीच्या वर सुभद्रा. चेहरा नखाएवढा, पण स्पष्ट. गुणाजींनी भिंग काढलं. दोन वाजता सुभद्राबाई डबा घेऊन आल्या, तेव्हा ते भिंग घेऊनच बसले होते.

त्यांनी प्रिंट पुढं केली. बाईंनी चष्मा पुसला, परत लावला.

“मी हसतंय?”

“होय.”

“कित्याक?”

“मी म्हटलंय मां, फाल्यां गावाक जावचा हा म्हणान.”

“तां तुमी गावड्यांका सांगलास,” सुभद्राबाई म्हणाल्या. “माका खंय?”

पंचवीस-तीस वर्षं गुणाजी ते वाक्य कॅमेऱ्यासमोरच्यांना टाकत होते आणि त्यांच्या बगलेशी उभी राहून, चादरीआडून, दरवर्षी ती हसत होती. आणि दरवर्षी ते हसू त्यांनी स्वतःच्या हातानं, चांगलं टोक काढलेल्या पेन्सिलीनं बुजवलं होतं. त्यांना लाज वाटली. बोलून दाखवायची सवय नव्हती म्हणून त्यांनी डब्याचं झाकण काढलं.

सुभद्राबाई अजून प्रिंटकडेच बघत होत्या. “ह्यां तावड्यांचा नाव,” त्या म्हणाल्या.

तेच तर गुणाजी मघापासून बघत होते. पेन्सिल निघाली, तशी दोघं वर आली आणि दोघांच्या अंगावरून, पितळेत कोरलेली, काळी ठळक अक्षरंही वर आली. ‘कों. बा.’ गुणाजींच्या छातीवर, ‘तावडे’ सुभद्राबाईंच्या गालावरून कपाळापर्यंत. गावडे कुटुंब, खोली क्रमांक सत्तावीस, आणि दारावर तावडे. ही निगेटिव्ह लॅबला गेली, की टाय घातलेल्या माणसाला कितीही पॉवरफुल वाटलं तरी दोन आणि दोन चार करावेच लागणार होते. मग एकतिसांच्या फायली परत उघडणार. नाव बुजवावं, तर चेहरे त्याच्याच खाली. नुसतं नाव खोडायला जागाच नव्हती. गुणाजींनी भिंगातून तीनदा बघितलं होतं.

“दितलास काय?” बाईंनी विचारलं.

“दिलंय तर सगळे भायर पडतले.”

“गावडे पण?”

“गावडे पण. तावडो सोडून सगळे.”

खाली रस्त्यावर कुणीतरी साड्यांच्या सेलची हाळी देत होतं. सुभद्राबाईंनी प्रिंटची घडी न पाडता ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि आपल्या पिशवीत, डब्याच्या खालच्या बाजूला, सपाट ठेवली.

“ह्यो एक माका र्‍हवांदे,” त्या म्हणाल्या. “बाकीचा बुजवा परत.”

मग गुणाजी धुरींनी पेन्सिलीला टोक काढलं. त्र्याहत्तराव्या वर्षी, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यानं, त्यांनी पहिल्यापेक्षाही बारीक रेघा मारल्या. आधी स्वतःला बुजवलं, मग बायकोला, आणि त्यांच्याबरोबर नाव गेलं. बायको शेजारी स्टुलावर बसून बघत होती. चौदा तारखेला त्यांनी राहुलसाहेबांना फोन करून सांगितलं, की फार खोडलं गेलंय साहेब, खाली काही निघत नाही. साहेबांना वाईट वाटलं. ‘अपात्र’ पुढं ‘कायम’ हा शब्द लागून पत्र आलं.

पाडव्याला बी विंगच्या चाव्या मिळाल्या. प्रत्येकाला चावीसकट दारापुढं फोटो हवा होता, आणि फोटो म्हटलं की गुणाजी. पुढच्या आठवड्यात धुरी नवराबायकोला मानानं बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. ‘तुमच्यामुळं झालं हो’ म्हणून गावडे गळ्यात पडले. आपल्यामुळं नक्की किती झालं हे गुणाजींनी त्यांना सांगितलं नाही. बी विंगची दारं सगळी एकजात तपकिरी, पातळ, आतून पोकळ. तिसऱ्या मजल्यावर कोंडीराम तावडेंनी मात्र आठवड्याभरात दाराला हिरवा ऑइलपेंट दिला होता, तोरण बांधलं होतं आणि मधोमध तीच जुनी पाटी ठोकली होती. चिंचेनं घासलेली.

अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावर एकतीस कुटुंबांची रांग लागली.

“पाटी झाकूची नाय हां, गुणाजी!” तावडेंनी खुर्चीतून दम भरला.

पॅसेजमध्ये उजेड कमी होता. सुभद्राबाईंनी पिशवीतून पांढरी चादर काढली आणि नेहमीच्या जागी, नवऱ्याच्या उजव्या हाताला, ताणून उभ्या राहिल्या. पहिला नंबर तावडेंचाच. सगळी तावडे मंडळी श्वास धरून ताठ झाली. गुणाजींनी तोंड उघडलं, आणि सवयीनं वाक्य बाहेर पडलं.

“फाल्यां गावाक जावचा हा, हसा!”

“आता आनी खंयच्या गावाक?” तावडे चावी उंच धरून ओरडले. “इलंव मां आमी गावाक!” आलो की आम्ही गावाला.

सगळा पॅसेज हसला. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या गावड्यांपर्यंत हसू पोचलं. गुणाजींनी बटण दाबलं. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून बघितला, पाटीत काय आलंय ते बघायला. तावडेंचं नाव आलं होतं, ते स्वतः आले होते. शेजारी नुसतीच चादर होती, बुजवायला कुणी नव्हतं. सुभद्राबाईंनी ती या खेपेला तोंड झाकेल इतकी वर धरली होती, आणि पुढचे तीस फोटो होईपर्यंत खाली घेतली नाही.